हात थांबेपर्यंत

"अजून जिन्यातच आहे का ती?" दोरा दातानं तोडत सासूबाई पुटपुटल्या. "मागच्या रविवारी चढायला लागली होती. ऐकून माझे गुडघे दुखले."

ती म्हणजे माझी नायिका. मी कागद खाली ठेवले. "आई, ती विचार करतेय."

"मग वर जाऊन करू दे की. वर खुर्ची नाही का?"

स्वयंपाकघरात धाकटी खुदकन हसली आणि लगेच खोकली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. हसू खोकल्यात लपवायची तिला सवय आहे, आणि ते मला कळतं हे तिलाही कळतं.

सासूबाईंच्या मांडीवर शर्ट होता. कोपऱ्यावरचा शिंपी शर्ट शिवून, काजं करून पाठवतो. बटणं सासूबाई लावतात. मी वाचत होते तोवर सुई खाली जात होती, वर येत होती, पुन्हा खाली. एकदाही थांबली नव्हती. माझी सगळी नजर त्या हातावर, कारण आम्हाला तसंच शिकवलं होतं.

शिकवणारे होते कात्री सर. हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. ते स्वस्तातल्या कादंबऱ्या काढणाऱ्या एका प्रकाशनाचे संपादक, आणि दर शनिवारी छापखान्याच्या माडीवर आमचा वर्ग घेत. खाली यंत्र धडधडायचं, वर आमची टेबलं थरथरायची, आणि त्या थरथरीत ते सांगायचे, "वाचक रिकाम्या हातानं बसलेला नसतो. तो भाजी निवडत असतो, पोराला झोपवत असतो, इस्त्री करत असतो. त्याचा हात थांबला तर ती कादंबरी. नाही थांबला तर ती रद्दी. घरी कुणाच्या तरी हातात काम असताना वाचून दाखवा. तोंडाकडे बघू नका, तोंड भिडेखातर छान म्हणतं. हाताला भीड नसते."

हात थांबला की समासात खूण करायची. माझे समास धुतल्यासारखे स्वच्छ होते.

"आता मी वाचू?" धाकटी ओले हात पुसत आली. कागद तिनं कमरेलाच खोचले होते, जणू घरात कुठे काय लागेल ते सांगता येत नाही. तिच्या प्रकरणात लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा जुळा भाऊ येऊन उभा राहतो. झालं. सासूबाईंची सुई वरच्या वर राहिली. तोंड उघडं. शर्ट घसरून जमिनीवर पडला, तरी यांना पत्ता नाही.

"मग? खरा कुठला?" सासूबाईंनी विचारलं.

"ते पुढच्या रविवारी, आई."

"मेली," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. मला त्या कधी मेली म्हणाल्या नाहीत.

मी उठून चहा टाकला. साखरेच्या डब्याचं झाकण जरा जोरात लागलं असेल.

वर्गाला धाकटी आली ती माझ्यामुळे. परतताना अंधार पडायचा आणि छापखान्याच्या गल्लीत दिवे नव्हते, म्हणून मीच तिला सोबतीला नेलं होतं. ती मागच्या बाकावर बसून नखं कुरतडायची. एके दिवशी सरांनी उगाच तिला काहीतरी लिहायला सांगितलं, आणि तिनं एका बाईनं दुसरीच्या तोंडात मारली एवढंच लिहिलं. सगळा वर्ग टेकून बसला होता तो सरळ झाला. मी वर्षानुवर्षं वाचत आले होते, शब्द जमवत आले होते, संध्याकाळच्या उजेडाला काय म्हणावं यावर माझे आठवडे गेले होते. हिनं एक थोबाडीत दिली आणि तिचं पुस्तक निघालं. मग आणखी निघाली. मुखपृष्ठावर दर वेळी एक बाई मागे वळून बघत असते.

पोटात दुखणं म्हणजे काय ते मला वाचनालयात कळलं. मी तिथे देवघेवीच्या टेबलावर असते. पुस्तक द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा, परत आलं की चहाचे डाग बघायचे. चांगली पुस्तकं कोरी राहतात; धाकटीच्या पुस्तकांच्या पाठी मोडलेल्या, पानांचे कान दुमडलेले, एकात तर केसाची पिन सापडली. मी ती पुस्तकं चिकटवायची. डिंकानं, माझ्या हातानं.

त्या आठवड्यात दवाखान्यातली नर्स आली. रात्रपाळी संपवून यायची आणि टेबलावर हनुवटी टेकून बोलायची.

"ती थोबाडीतवाली कादंबरी आली का हो परत?"

"बाहेर आहे," मी म्हणाले. थोबाडीतवाली माझ्या खुर्चीखाली होती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"किती दिवस बाहेर असते एकेक! बरं, ती लिहिणारी तुमची जाऊ ना? हुशार बाई. घरचं सगळं करून लिहिते म्हणे."

"घरचं आम्ही दोघी करतो."

"तुमचंही येणार आहे ना काहीतरी?" तिनं जांभई दिली. "आणि तुमचे मिस्टर? कुठे असतात?"

"बाहेरगावी."

"अजून?"

मी शिक्क्याची तारीख फिरवली. ती बरोबरच होती, तरी फिरवली आणि परत आणली.

माझे यजमान बाहेरगावी असतात, हे वाक्य मी इतकं म्हटलंय की त्यात कात्री सरांनाही काही कापता आलं नसतं. कामाला गेले, काम लांबलं. दारामागच्या खुंटीवर त्यांची छत्री आहे. ती कुणी वापरत नाही. पाऊस असला तर माझे दीर डोक्यावर पिशवी धरून कामाला पळतात, पण तिला हात लावत नाहीत. दर थोड्या दिवसांनी सासूबाई ती पुसतात आणि पुन्हा अडकवतात. त्यावर घरात कुणी काही बोलत नाही.

आणि माझ्या कादंबरीचा याच्याशी काही संबंध नाही. तिच्यातली बाई नवऱ्याची वाट बघते खरी, पण ती माझ्यापेक्षा बरीच उंच आहे.

शनिवारी सरांनी माझं बाड टेबलावर ठेवलं. वर्ग भरलेला होता. पुढच्या पुस्तकांच्या खेपेत एक जागा उरली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती मला मिळेल किंवा धाकटीच्या जुळ्या भावांना.

"बाई, तुम्ही पुष्कळ सुधारलात," सर म्हणाले. "जिना निम्मा कापा. पण बाकीचं, म्हणजे ती एकटी जेवते ते, दाराशी पावलं वाजली की ताट झाकते ते, हे मी पंचवीस वर्षं वाचतोय त्यातलं नाही. हे छापायला मला आवडेल."

माझे कान गरम झाले. मी धाकटीकडे बघितलं नाही, पण ती मला बघतेय हे मला मानेला कळत होतं. बघू दे, म्हटलं.

"फक्त शेवट बदला."

"शेवटाला काय झालं?"

"नवरा परत येतो."

"हो."

"कुठून येतो?"

"बाहेरगावाहून."

"इतकी वर्षं तिथे काय करत होता?"

"काम होतं. परिस्थिती होती."

मी वर पाहिलं. वर्गातले सगळे एकाएकी आपापल्या कागदात डोकं घालून बसले होते. धाकटीचं पेन खाली पडलं आणि ते शोधायला ती टेबलाखाली गेली ती लवकर वर येईना. खालचं यंत्रही नेमकं तेव्हाच थांबलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "घरी वाचून दाखवा," ते हळू म्हणाले. "हात थांबतो का बघा. थांबला तर मी गप्प बसतो, तसंच छापतो. नाहीतर या खेपेला जाऊबाईंचं घेऊ."

परतताना गल्लीत आम्ही दोघी भिंतीच्या कडेनं चाललो होतो. धाकटी म्हणाली, "ताई, शेवटाचं मी बघू का? म्हणजे नुसतं सुचवते."

"तू? जुळा भाऊ आणशील."

"नाही आणणार."

"मग कुणी थोबाडीत मारेल."

ती हसली नाही, खोकलीही नाही. "त्याला परत आणू नकोस एवढंच."

"का म्हणून?"

"असंच. गोष्टीला बरं दिसेल."

"गोष्टीला का जागेला?" मी थांबले. "माझं एक छापून येतंय तर तेवढंही बघवत नाही तुला. तुझं काय, तुला मागितल्याशिवाय मिळतं. पुस्तकं मिळतात, आईंचं मेली मिळतं, संध्याकाळी दाराची कडी वाजली की कोण आलं ते बघायलाही लागत नाही तुला."

अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं. तिनं माझ्या हातातली बाडाची पिशवी घेतली. मी सोडत नव्हते, तरी एक बंद तिनं धरलाच. तशीच ती पिशवी मधे धरून आम्ही घरी आलो.

रविवारी सकाळी शिंपी दाराशी आला. चार शर्ट परत घेऊन. "आजी, काय हे? बटणं वर-खाली. गिऱ्हाईकानं घातला तर एक खांदा कानाला लागला."

"डोळे गेले माझे," सासूबाई म्हणाल्या.

"दर सोमवारचे शर्ट असेच येतात बघा. बाकीचे फर्मास असतात. रविवारी काय होतं तुमच्या डोळ्यांना?"

दीर हसले. "रविवारी आमच्याकडे साहित्य असतं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चपला शोधायला गेले. चपला पायातच होत्या.

मी मनात म्हटलं, असणारच वर-खाली. धाकटीचे मांडव ऐकताना कुणाला बटणं सरळ लावता येतील?

दुपारी सासूबाई खिडकीशी बसल्या. शर्ट मांडीवर, बटणांची वाटी गुडघ्याशी. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिली. मी मुद्दामच म्हणाले, "तूही ऐक."

मी शेवटचं प्रकरण काढलं. जिना कापला होता. एका ओळीत वर. मग संध्याकाळ, ती एकटी जेवायला बसलेली, दाराशी पावलं. ताट झाकते. या वेळी पावलं पुढे जात नाहीत. कडी वाजते. तो आत येतो, छत्री खुंटीला लावतो, काही बोलत नाही. ती ताटावरचं झाकण काढते आणि त्याच्यापुढे सरकवते.

हे मी फार जीव लावून लिहिलं होतं. मी हाताकडे बघितलं.

हात चालू होता. सुई खाली, वर, खाली. उलट जास्तच भराभर.

कागद माझ्या मांडीवर राहिले. इतकं वाईट वाटलं की रागही येईना. धाकटीच्या मांडवाला जो हात थांबतो तो माझ्या सगळ्या आयुष्याच्या ताटाला थांबत नाही. "घे," मी धाकटीला म्हणाले. "तुझी जागा. सरांना सांग, थांबला नाही म्हणून."

"ताई, हात बघ," धाकटी म्हणाली.

"बघितला."

"नीट बघ ना."

मी बघितला. सासूबाई बटण लावत होत्या ते काजाच्या पट्टीवर. एकेका काजावर एकेक बटण, घट्ट, टाक्यावर टाके घालून. सगळी काजं बुजत आली होती. सुईत दोरा कधीच संपला होता, तरी ती खाली जात होती, वर येत होती. आणि त्यांच्या बोटाला रक्त आलं होतं.

मी पुढे होऊन त्यांच्या हातातून सुई काढून घेतली. त्यांनी काढू दिली. रिकामे हात शर्टावर तसेच पडून राहिले. मी ते तसे कधी पाहिले नव्हते.

"ती वाचते तेव्हा मला बरं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "खोटे नवरे, खोट्या बायका. हात सोडून ऐकते मी. तू वाचायला बसलीस की मला खाली मान घालून काहीतरी धरून बसावं लागतं. वर बघितलं तर तुला दिसेल."

"काय दिसेल, आई?"

त्यांनी धाकटीकडे बघितलं. धाकटीनं नजर खाली केली नाही. तिलाही ठाऊक होतं तर. दिरांनाही असणार. त्या घरात ठाऊक नसलेली मी एकटीच होते, किंवा मीही नव्हते.

"छत्री त्यानं विसरलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. "नको म्हणून ठेवून गेला. तो येणार नाही, पोरी. तिकडे त्याचं दुसरं घर आहे. जाताना मला सांगून गेला होता तो. तुला सांगायचं काम माझ्यावर टाकून गेला, आणि मी बटणं लावत बसले."