वर्लिनचा निळा कोट

दर उन्हाळ्यात बॅजर्स या आमच्या बेसबॉल संघातलं एक पोरगं माझ्या माडीवर राहतं. हॅलर्ड गावातली ही जुनी रीतच आहे. छोट्या लीगच्या पोरांना गावानेच सांभाळायचं. यंदा माझ्याकडे डेन्व्हर ओडम होता. पोरगं कसलं, एकतिसाचा घोडा! संघाचा कॅचर. गुडघे कुरकुरतात, पण खातो दोघांचं.

त्या रविवारी आमच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. न्याहारीलाच तो म्हणाला, "मावशी, मोठ्या लीगने यंदाही बोलावलं नाही, तर संपलं. सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात बसणार मी."

"बस की! टायर तरी सकाळी सकाळी रडत नाहीत," म्हणत मी माझं अंडं त्याच्या ताटात ढकललं.

हे असलं बोलणं मी याच टेबलावर ऐकलेलं होतं. वर्लिन, माझा नवरा, याच संघाचा कॅचर. एका वर्षी असा फॉर्मात होता की त्याने निळा कोट शिवून घेतला. मोठ्या लीगचे लोक प्रवासाला कोट घालूनच निघतात ना! "बोलावणं आलं की घालेन," म्हणाला. किती लग्नं झाली, बारशी झाली, पण त्या कोटाला हात लावू दिला नाही मेल्याने. बोलावणं काही आलं नाही. तो गेला तेव्हाही मी त्याला दुसराच कोट घातला. तो निळा त्यासाठी नव्हताच.

दुपारी सामना रंगात आला आणि एक चेंडू डेन्व्हरच्या पायांमधून निसटला. समोरच्यांचा गडी आरामात धाव काढून गेला. लगेच आमचा मॅनेजर फ्रिट्झ केलर मैदानात आला, त्याने डेन्व्हरला बाहेर काढलं आणि दुसरा कॅचर पाठवला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एका चुकीसाठी? भर डावात, अख्ख्या गावासमोर? लोकांचे पॉपकॉर्न सांडत मी खाली उतरले आणि खेळाडूंच्या बसायच्या जागेवरच्या पत्र्यावर छत्री आपटली.

"फ्रिट्झ! बाहेर ये, मुडद्या!"

"अहो लोर्नाबाई, पत्रा पडेल!"

"पडू दे तुझ्या टाळक्यात! काय घोडं मारलंय पोराने तुझं?"

"बाई, आधी आत तरी बघा!"

मी वाकून बघितलं. सगळा संघ पाळीपाळीने डेन्व्हरला मिठ्या मारत होता. भर डावात गडी काढला आणि मिठ्या सुरू झाल्या, की त्याचा अर्थ एकच: मोठ्या लीगचं बोलावणं. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मागे वळले तर सगळं गाव उभं राहून टाळ्या पिटत होतं. न कळलेली बावळट मी एकटीच.

"मावशी, मोठ्या संघाचा कॅचर जखमी झालाय. उद्या दुपारी हजर व्हायचंय!" डेन्व्हर हसत होता, रडत होता, आणि मग एकदम त्याचा चेहरा पडला. "पण माझ्याकडे कोट नाही गं."

मी त्याचं मनगट धरलं. "घरी चल," म्हणाले.

कोट खांद्यात अगदी नेमका बसला. बाह्या तेवढ्या तोकड्या.

"मावशी, हा कोट कुणाचा ते मला माहितीये. काकांना चाललं असतं का?"

"न चालायला काय झालं? फाडलास मात्र, तर तंगडं तोडीन."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली माझ्या टीव्हीसमोर. मोठ्या संघाची बस थांबली, एकेक जण उतरला, आणि सगळ्यात शेवटी आमचा डेन्व्हर, मनगटं बाहेर काढून, दात दाखवत.

"कोट आखूड झालाय गं त्याला," शेजारची म्हणाली.

"असू दे आखूड!" मी डोळे पुसत तिच्यावर डाफरले. "पोचला ना एकदाचा!"