मास्तरांच्या मुठीतला फुगा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो, आणि डूख धरणारा आहे. दंडाला गुंडाळायचा पट्टा, हवा भरायचा रबरी फुगा आणि आकडे दाखवणारी छोटी खिडकी, एवढाच माझा देह. खरं बोलणं हे माझं काम, आणि त्यानेच माझा घात केला.

माझे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कात्री अशी चालवत की बघत राहावं. त्यांचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सुनेने मला घरी आणलं. गोळ्यांनी दाब उतरला. मी बरा आकडा दाखवताच मास्तरांनी मला शाबासकी दिली आणि गोळ्या बंद केल्या.

"आकडा चांगला आहे, मग गोळ्या कशाला गिळू?"

आकडा पुन्हा चढला. मी तोही दाखवला.

"डोकं दुखत नाही, चक्कर नाही. हे डबडंच बिघडलंय!"

त्यांनी माझा फुगा उपटला आणि त्याने शिलाई मशीनमधली धूळ उडवू लागले. उरलेला मी बटणांच्या खणात पडलो. नसलेले दात मी करकरा खाल्ले. म्हटलं, मास्तर, एक दिवस शोधत याल मला.

मित्रांनो, चढलेला दाब बहुधा दुखत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्यांना तो आतून रेटत राहतो. त्या ताठरतात, अरुंद होतात. एखादीत गुठळी अडकली, की मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून मरू लागतो. मला हे ठाऊक होतं. मी वाट बघत होतो.

एका सकाळी कोट बेतताना मास्तरांच्या हातून कात्री पडली.

"मुंग्या आल्यात. जरा पडतो," ते म्हणाले, पण जीभ अडखळत होती. बायको उशी आणायला धावली. तेवढ्यात सून आली.

"बाबा, हसा बघू."

तोंड एकाच बाजूने हसलं.

"दोन्ही हात वर करा."

उजवा हात खाली आला.

"आई, झोपवू नका त्यांना! आधी दवाखाना!"

खणातून मी म्हटलं, भोगा आता.

वेळेत पोचले म्हणून मास्तर वाचले. बोलणं सुधारलं, पण उजवी मूठ वळेना. काहीतरी मऊ दाबायचा व्यायाम सांगितला होता. सुनेने त्यांच्या हातात माझाच फुगा दिला! याहून गोड सूड कुठला? बोटं थरथरत, फुगा तसाच राही. "दाबा ना मास्तर, दाबा!" मी खणातून खिजवत असे. त्यांची कात्री टेबलावर गप्प पडून होती, आणि मला जराही दया येत नव्हती.

मग एक दिवस फुगा चेपला. त्याच्या हवेने समोरचा दोऱ्याचा तुकडा उडाला. मास्तर ढसाढसा रडले.

"सूनबाई, ते यंत्र काढ खणातून. हा फुगा जोड त्याला."

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद कोपऱ्यात पडला असेल, तर त्याला बाहेर काढा आणि आजोबांच्या दंडाला बांधा. वाईट आकड्याला शिव्या देऊ नका आणि चांगला आकडा बघून आपल्याच मनाने गोळ्या थांबवू नका.

मी मास्तरांना अजून माफ केलेलं नाही. रोज सकाळी त्यांचा डावा दंड मी जीव खाऊन आवळतो.

"फार आवळतं गं हे," ते कुरकुरतात, आणि उजव्या मुठीने फुगा पुन्हा दाबतात.