खोडलेली ओळ

मित्रांनो, डोंगरकड्याच्या शाळेत नकाशांच्या गुंडाळ्या ठेवतात त्या मांडणीच्या खालच्या कप्प्यात एक पिवळी पडलेली पेटी दिसते ना, ती मी. मी कॉम्प्युटर आहे. आता मला वीज लावत नाहीत. पण मला अजून स्वस्थ बसवत नाही, कारण एक गोष्ट माझ्या पोटात राहून गेली आहे. ती आज तुम्हाला सांगतो.

माझी जुळणी नांदेडच्या एका दुकानात झाली, एकोणीसशे नव्व्याण्णव साली. कुठली पेटी, कुठला पडदा, कुठल्या तारा, असं सगळं गोळा करून मला उभं केलं. तिथून जमीलभाईंनी मला जीपमध्ये मांडीवर धरून आखाडा बाळापूरला आणलं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. बाहेर एसटीडी फोनची काचेची खोली, आत झेरॉक्स आणि मधोमध मी. पहिली दोन वर्षं लोक चपला बाहेर काढून मला बघायला येत. जमीलभाईंच्या बायकोनं, खतीजाबींनी, उरलेल्या साटीनचं झाकण शिवून मला घातलं होतं. मी अर्ज टाईप केले, लग्नपत्रिका केल्या, दहावीचे निकाल दाखवले. निकालाच्या दिवशी माझ्याभोवती इतकी गर्दी व्हायची की माझा पंखा गुदमरायचा.

पुढं जमीलभाईंची भाची गुलनाज बारावी होऊन दुकानात बसू लागली. बाकीचे माझ्याकडून काम करून घेत. ही मला प्रश्न विचारायची. एका मासिकासोबत आलेल्या सीडीतून तिनं माझ्यात पर्ल नावाची भाषा घातली. मजकूर चाळायला, नावं शोधायला, याद्या जुळवायला ही भाषा फार चांगली. शिकवणारं मात्र बाळापुरात कुणी नव्हतं. मग तिला इंटरनेटवर एक टपालयादी सापडली. पर्ल शिकणारे जगभरातले लोक तिच्यात होते. एकानं प्रश्न पाठवला की तो सगळ्यांना पोचायचा, आणि ज्याला येईल तो उत्तर द्यायचा.

गुलनाजनं पहिला प्रश्न लिहायला दोन दिवस घेतले. इंग्रजी वाक्य लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. उत्तर आलं ते एवढंच, की हे दहा वेळा विचारून झालं आहे, आधी वाचा, मग लिहा.

तिनं ते वाचलं आणि माझा पडदा बंद केला. मामू, म्हणजे जमीलभाई, जवळच होते. ते म्हणाले, "बेटा, और किसी को पूछ ले ना. पूछने में क्या जाता?"

"पूछी थी मामू. डाँट दिए."

त्यानंतर कित्येक महिने तिनं कुणालाच काही विचारलं नाही. जे कळायचं नाही ते ती चुकवून पुढं जायची. चुकवलेलं ते सगळं साचत होतं, आणि मला ते दिसत होतं.

दोन हजार चार सालचा मे महिना. ऊसतोडीला गेलेली तांड्यांवरची माणसं परत येत होती, आणि त्यांच्याबरोबर गोवरही येत होता. मिराबाई सिस्टर एके दिवशी सात रजिस्टरं काखेत मारून दुकानात आल्या. त्या स्वतः तांड्यावरच्याच, सरकारी नोकरीत वीस वर्षं झालेल्या. आरोग्य केंद्राखालच्या तेवीस गावांची आणि तांड्यांची लहान मुलं त्यांनी घरोघर फिरून लिहिली होती. कुणाला गोवराची सुई दिली त्याची यादी वेगळी होती.

"कोन राह्यलं ते डोळ्यानं सापडंना," त्या म्हणाल्या. "एकाच लेकराचं नाव एका गावात आन् सुई दुसऱ्याच गावात. तुझ्या मशिनीला जमतं का बघ."

गुलनाजनं तीन आठवडे बसून दोन्ही याद्या माझ्यात भरल्या. दोन हजार आठशे सेहेचाळीस मुलं. मग तिनं पर्लमध्ये प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या यादीतलं एक एक नाव घ्यायचं, दुसऱ्या यादीत शोधायचं, सापडलं नाही तर वेगळं काढायचं. शनिवारी सकाळी तिनं तो चालवला. मिराबाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या.

आता नीट ऐका, मित्रांनो. दोन नावं सारखी आहेत का हे तपासायला तिनं बरोबरीचं चिन्ह दोनदा लिहिलं होतं. पर्लमध्ये ते चिन्ह आकड्यांसाठी आहे. शब्द आला की मी त्याचा आकडा करू बघतो, आणि आकडा होत नसला की शून्य धरतो. सुदाम म्हणजे शून्य, आसिफ म्हणजे शून्य, संगिता म्हणजेही शून्य. त्यामुळं माझ्यापुरती सगळी नावं सारखी झाली.

मी गप्प बसलो नव्हतो. प्रोग्रॅमच्या वरच्या बाजूला 'यूज वॉर्निंग्ज' अशी एक ओळ लिहिलेली असली की मला काही खटकलं तर मी तक्रार करतो. ती ओळ तिथं होती. म्हणून मी तक्रार केली, भराभर, पडदाभर इंग्रजीत. ओळींमागून ओळी वर सरकत राहिल्या.

मिराबाईंनी चष्मा वर केला. "काय म्हणून राहिली ही?"

गुलनाजचे कान लाल झाले. तिला ते कळलं नव्हतं, आणि कळलं नाही म्हणायची लाज वाटली. विचारायचं कुणाला? ती म्हणाली, "काही न्हाई सिस्टरबाई, असंच असतंय." आणि तिनं ती वरची ओळ खोडून टाकली.

प्रोग्रॅम पुन्हा चालला. आता मला बोलायची मुभा नव्हती. पडदा स्वच्छ राहिला आणि शेवटी एकच आकडा आला, राहिलेली मुलं शून्य.

"म्हंजे सगळी झाली?" मिराबाईंनी विचारलं.

"व्हय," गुलनाज म्हणाली.

मिराबाईंना बरं वाटलं. त्यांनी ते केंद्रात कळवलं. येत्या गुरुवारी लसीची बर्फाची पेटी तांड्यांकडं जायची होती, ती दुसऱ्या कामाला लागली.

तो गुरुवार गेला. पुढच्या सोमवारी सकाळी एक माणूस घाईघाईनं फोनच्या खोलीत शिरला. नेमसिंग त्याचं नाव. नांदेडला भावाशी तो मोठ्यानं बोलत होता, त्यामुळं दार लावूनही आत ऐकू येत होतं. "शितलच्या अंगावर गोवर निघून राह्यला. तीन दिस झाले, डोळे उघडंना. कळमनुरीला दवाखान्यात नेऊन राहिलो. तू तिकडं ये."

गुलनाजनं ते नाव स्वतः टाईप केलं होतं. तो बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "दादा, शितलला गोवराची सुई दिली न्हवती का?"

"कवा देनार? आमी तर कारखान्यावर होतो."

"गुरुवारी सिस्टर आल्या न्हाईत का?"

"न्हाई. आमच्या तांड्याचं कोनीच राह्यलं न्हाई म्हणं यादीत." एवढं बोलून तो गेला. बाहेर जीप चालूच होती.

गुलनाजनं दोन्ही याद्या उघडल्या. शितल पहिल्या यादीत होती, दुसऱ्या यादीत नव्हती. मग तिनं आणखी दहा नावं डोळ्यानं पाहिली. त्यातली दोन नव्हती. तिनं केंद्रात फोन लावला. दुपारी मिराबाई आल्या तेव्हा ती उभीच होती.

"सिस्टरबाई, ते शून्य खोटं हाय. माझं चुकलंय."

मिराबाई खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "किती जणाचं खोटं?"

"सगळ्याचंच म्हणा. मला चूक सापडंना."

"मंग तांड्याची यादी मी हातानं काढते, आत्ताच निघते. बाकीची गावं तू सांग. गुरुवारी पेटी येनार हाय." त्या रागावल्या नाहीत. त्यांना वेळ नव्हता.

सोमवार संपत आला होता. गुलनाज दुकानात येरझारा घालत होती. चार पावलं गेली की झेरॉक्सचं मशीन आडवं यायचं, मग परत. शेवटी ती बसली आणि तिनं त्याच टपालयादीवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहिला. सगळा प्रोग्रॅम जोडला. फोनच्या तारेतून तो पाठवायचा तर तीनदा लाईन तुटली. चौथ्यांदा तो गेला आणि लगेच लाईट गेली.

मंगळवारी सकाळी उत्तर आलेलं होतं. ते एका थंड देशातल्या बाईचं होतं. ती वाचनालयात काम करत होती आणि स्वतःच पर्ल शिकत होती. तिनं लिहिलं होतं, 'तीन आठवड्यांपूर्वी मीही इथंच अडकले होते. माझ्या वाचनालयातली सगळी पुस्तकं एकच पुस्तक झाली होती. शब्द जुळवायला ते चिन्ह नको, इक्यू ही दोन अक्षरं लिही. आणि वॉर्निंग्जची ओळ परत घाल. ती त्रास देते, पण खरं सांगते.'

गुलनाजनं ते दोनदा वाचलं. ओळ परत घातली, चिन्ह बदललं आणि प्रोग्रॅम चालवला. राहिलेली मुलं दोन हजार आठशे सेहेचाळीस. म्हणजे सगळीच.

तिनं डोकं टेबलावर टेकलं. मामूंनी पाण्याचा गिलास आणून ठेवला आणि म्हणाले, "अब कायकू चुप है? फिर पूछ."

या वेळी तिनं प्रश्नात सगळं लिहिलं. गोवर, तांडे, गुरुवार, आणि आजारी पडलेली एक मुलगी. पाठवायला दुपार झाली. मग पुन्हा वाट बघणं. तासातासानं ती लाईन जोडायची, रिकामी पेटी बघायची आणि लाईन तोडायची. बाहेर वैशाखाचं ऊन होतं. माझ्या पंख्यात धूळ बसलेली, मी तापत होतो. मलाही काही सुचत नव्हतं.

बुधवारी सकाळी चार ओळींचं उत्तर मिळालं. लिहिणारा तोच होता, ज्यानं पहिल्यांदा झिडकारलं होतं. त्यानं नमस्कार लिहिला नाही, माफीही मागितली नाही. त्यानं लिहिलं होतं की दुसऱ्या यादीत नाव ओळीच्या शेवटी येतं आणि त्याला 'ओळ संपली' अशी एक न दिसणारी खूण चिकटलेली असते. चॉम्प हा शब्द वापरून ती कापा. खाली एक ओळ होती, 'काय झालं ते कळवा.'

गुलनाजनं तो शब्द लिहिला आणि लाईट गेली. विचारल्यावर कळलं, संध्याकाळपर्यंत येणार नाही. जमीलभाई उठले, लग्नाचा मांडव घालणाऱ्या अमृतरावांकडं गेले आणि त्यांचा जनरेटर हातगाडीवर घालून घेऊन आले. तो रस्त्यात ठेवून चालू केला तेव्हा अख्ख्या बाजाराला आवाज जात होता. त्या आवाजात मी सुरू झालो. प्रोग्रॅम चालला. मी एक अक्षरही तक्रार केली नाही, कारण तक्रारीला जागा नव्हती. राहिलेली मुलं दोनशे चौदा.

गुलनाजनं त्यातली वीस नावं रजिस्टरात बोट ठेवून तपासली. एकोणीस बरोबर होती. एकाचं आडनाव दोन्हीकडं वेगळं लिहिलं होतं.

मिराबाईंना ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक घर जास्त विचारलं तर काय बिघडतं?" आणि कागदांची गुंडाळी घेऊन गेल्या. गुरुवार आणि शुक्रवार मिळून एकशे अठ्ठ्याण्णव मुलांना सुई बसली. उरलेल्यांना त्यांनी पुढच्या आठवड्यात एकेक करून गाठलं.

शितल वाचली. पण तिचा उजवा कान फुटून वाहत राहिला आणि त्या कानानं तिला कमी ऐकू येऊ लागलं. आदल्या गुरुवारी सुई बसली असती तर हे टळलं असतं का, असं गुलनाजनं मिराबाईंना विचारलं होतं. मिराबाई म्हणाल्या, "ते मला सांगता येत न्हाई पोरी. खरंच न्हाई येत."

पंधरा दिवसांनी गुलनाज तांड्यावर गेली. परत आल्यावर माझ्यासमोर बसून तिनं मामूंना सांगितलं, म्हणून मला कळलं. तिनं नेमसिंगला आणि त्याच्या बायकोला, चतुराबाईला, सगळं सांगितलं. कळलं नसताना आपण ती ओळ खोडली, हेसुद्धा. नेमसिंग उठून बाहेर गेला. चतुराबाई म्हणाली, "तू सांगाया आलीस. न्हाई तर आमाला कळलंबी नसतं." तिनं चहा ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली.

गुलनाजनं टपालयादीवर काय झालं ते कळवलं. शितलच्या कानाचंही लिहिलं. त्यानंतर ती रोज दुपारी नव्या लोकांचे प्रश्न वाचायची. एके दिवशी कुणीतरी नेमकं तेच चिन्ह चुकवून विचारलं होतं. तिला चार ओळी लिहायला तीन दिवस लागले. पहिली ओळ होती, 'मीही इथं अडकले होते.' पुढच्या चार वर्षांत अशी किती उत्तरं तिनं माझ्यावर बसून लिहिली, त्याची मोजदाद माझ्याकडं नाही.

मग दुकानात नवं मशीन आलं. गुलनाज लग्न होऊन सेनगावला गेली आणि तिथं तालुक्याच्या दवाखान्यात याद्यांचंच काम करू लागली. मला या शाळेला दिलं. इथं दोन वर्षं चाललो, मग एका उन्हाळ्यात बंद पडलो. कुणीतरी माझ्या कळा उपटून नेल्या. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. रात्रंदिवस चालवलेल्या यंत्राला विश्रांती हवीच असते. पण तुमच्या वर्गात नवी यंत्रं आली आहेत, ती मला इथून दिसतात. त्यांच्यावरची धूळ पुसत जा. त्यांच्या पंख्याला श्वास घेऊ द्या.

आणि मित्रांनो, यंत्र तक्रार करत असेल तर ते काय म्हणतं ते आधी वाचा. वाचून कळलं नाही तर शेजारी बसलेल्या माणसासमोर कळलं नाही म्हणा. शरम वाटेल, वाटू द्या. तुम्हाला कुणी विचारलं आणि तुम्हाला येत असलं, तर सांगा. आणि तुम्ही विचारल्यावर कुणी रागावलं, तर दुसऱ्याला विचारा.