अण्णा खाकरतात तेव्हा

शाळेच्या फाटकावर स्पृहाने पाटी लावली होती : ‘महिला कबड्डी. वय चालेल. कारणं चालणार नाहीत.’

हेमा तीन दिवस ती पाटी वाचून पुढे गेली. चौथ्या दिवशी आत गेली. बेचाळिसाव्या वर्षी, ओढणी कमरेला बांधून.

पाय तयार होते. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हातही लांब. फक्त आवाज…

“काकू, ऐकू येत नाहीये.” स्पृहा कॉलेजातली, पण कसबा पेठेतल्या दहा बायकांची मास्तरीण. “चढाईत ‘कबड्डी’ पंचांना ऐकू गेलंच पाहिजे. आवाज थांबला की बाद.”

“म्हणतेय की गं.”

“मनात म्हणताय.”

महिन्याभरात आवाज निघाला. मग तो असा निघाला की समोरच्या इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री बाजूला ठेवून पाहिलं.

आणि एका सकाळी, सराव चालू असताना :

कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्

फाटकाशी कोणी तरी खाकरलं.

सासरे. दीनानाथ, म्हणजे अण्णा. घराची किल्ली विसरले होते. घरात पाऊल टाकण्याआधी ते खाकरत, आणि हेमा बोलत असेल तर गप्प होई. वीस वर्षं. गप्प बस असं कोणी सांगितलं नव्हतं. जिभेला लागलेली सवय.

“बाद!”

अण्णांनी किल्ली घेतली. “चालू द्या,” म्हणाले आणि गेले.

स्पृहा चिडली होती. “रविवारी हडपसरच्या संघाशी सामना आहे. सहा जणी ठरल्यात. सातव्या तुम्ही की नम्रता, ते शनिवारी बघू. सासऱ्यांना घेऊन या. त्यांच्यासमोर चढाई करा.”

चढाई परवडली. बोलावणं करायचं कसं?

दोन दिवस गेले. शुक्रवारी चहा ठेवताना :

“अण्णा, उद्या मैदानावर याल?”

“किल्ली आहे माझ्याकडे.”

“किल्लीसाठी नाही. तुम्ही आलात की मी गप्प होते. ते मोडायचंय.”

अण्णांनी पेपर खाली केला. “म्हणजे मी बुजगावणं.”

“हो,” हेमा म्हणाली. आणि कपात साखर दोनदा घातली.

शनिवार. रेषेबाहेर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत अण्णा, मांडीवर पिशवी. हेमा मध्यरेषेवर वाकली. दम घेतला.

कबड्डी कबड्डी नम्रता डावीकडे कबड्डी कबड्डी अण्णांकडे बघायचं नाही कबड्डी बघितलं कबड्डी कबड्डी हात पुढे कबड्डी

अण्णा खाकरले.

ओठ मिटायला आले, वीस वर्षं मिटत आले तसे, पण दम आत होता, त्याला बाहेर पडायचं होतं, कबड्डी, एवढ्या मोठ्याने की तिचीच ती दचकली, कबड्डी, पाय लांबला, नम्रताच्या घोट्याला लागला, कबड्डी कबड्डी कबड्डी, रेषा.

रेषेपलीकडे ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. श्वास लागला होता. नम्रता घोटा चोळत म्हणाली, “काकू, कानठळ्या बसल्या.” स्पृहाने वहीत सातवं नाव लिहिलं.

हेमा खुर्चीपाशी आली.

“मुद्दाम खाकरलात ना?”

“मग?” अण्णा पिशवी सावरत उठले. “बुजगावण्याला काही काम नको?”