चित्रांची अदलाबदल

रानातल्या फळांवर मुलांसाठी लिहिलेलं आत्याचं पुस्तक कालच छापून आलं होतं. पहिली प्रत तिने लाडक्या भाचीला दिली. आज प्रकाशकाच्या कचेरीत बसून ती दुसरी प्रत कौतुकाने चाळत होती, आणि एका पानावर तिचं बोट थबकलं. खायच्या फळाच्या माहितीशेजारी विषारी फळाचं चित्र होतं. समोरच्या पानावर उलटं. पानं लावताना अदलाबदल झाली होती आणि छपाईआधी शेवटची नजर तिनेच फिरवली होती.

तिने भावाला फोन लावला.

"दादा, छोटी कुठाय?"

"मागच्या टेकडीवर. तुझं पुस्तक काखोटीला मारून गेलीये, फळं शोधायला."

"तिला काही खाऊ देऊ नकोस. पळ आधी."

ती टेकडीशी पोचली तेव्हा दादा पोरीला खांद्यावर टाकून उतरत होता. छोटीचे ओठ काळेजांभळे झाले होते, मान एका बाजूला कलत होती.

"आत्या, कडू होतं गं," ती पुटपुटली. "पण तूच लिहिलंयस ना, पहिला घास कडू लागतो, मग गोडी येते. म्हणून मी अजून खाल्ली."

आत्याने रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला आत नेलं. वहिनी भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. दादा आत्याकडे पाठ करून बसला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. आयुष्यात कधी देवापुढे हात न जोडलेली बाई बाकावर बसून दिसेल त्याला साकडं घालत होती.

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वेळेत आणलंत. वाचली पोर."

वहिनीने तोंडात पदर कोंबला. दादा मात्र पहिल्यांदाच बहिणीकडे वळला.

"चिमे, ही पुस्तकं दुकानांत गेलीयेत?"

सकाळीच गेली होती. एका पोरीपायी बाकीची पोरं तिच्या डोक्यातच आली नव्हती.

ती तडक कचेरीत गेली. प्रकाशक म्हणाला, "उगाच बोभाटा नको. आत शुद्धिपत्र चिकटवू."

"शुद्धिपत्र वाचायला पोर जिवंत नको का?" ती म्हणाली आणि त्याचीच गाडी घेऊन निघाली.

दुकानामागून दुकान पालथं घालत तिने गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. शेवटच्या दुकानदाराने मान हलवली. "एक प्रत गेली, बाई. आजोबा होते, नातवासाठी नेली. बस पकडायची घाई होती त्यांना."

"कुठल्या गावाची?"

"ते कोण विचारतं?"

बसस्थानकावर तिने निवेदकाच्या हातापाया पडून सूचना द्यायला लावली. त्याने भोंग्यावरून पुस्तकाचं नाव घेतलं, त्यातलं कुठलंही फळ मुलांना खाऊ देऊ नका, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. माणसं थबकली, ऐकून पुढे गेली. आजोबा आले नाहीत.

"डोंगराकडची बस मघाशीच सुटली," निवेदक हळूच म्हणाला. "ते त्यातच असतील असं नाही, ताई."

"पुढची कधी?"

"ती काय, उभी आहे."

प्रकाशकाची गाडी तिथेच सोडून ती धावत जाऊन चढली; त्या वाटेवरचे थांबे बसवाल्यांनाच ठाऊक होते. वाहकाने कुठलं तिकीट देऊ विचारलं.

"शेवटच्या गावाचं," ती म्हणाली. "आणि प्रत्येक थांब्यावर मला जरा उतरू द्या."