लाईन आली, मनुबाई

मी लाईन बोलतेय. नाव इंग्रजी आहे म्हणून तोंड वाकडं करू नका. तुम्ही जवसाची चटणी खाता ना, त्याच जवसाच्या धाग्याची मी मूळची दोरी. ताणून माप घ्यायचं, एवढंच माझं काम. पुढं साहेबाच्या मुलखात कुणी मला कागदावर ओढलं, कुणी कवितेत बसवलं, आणि साहेबाबरोबर बोटीत बसून मी इकडं आले.

साहेब गेला, मी राहिले. इथल्या लोकांनी मला कामाला लावलं होतं, आणि कामाची बाई घरातनं कोण घालवतं?

रेशनच्या दारात मी रांग झाले. रानात पाइप करून मला जमिनीत पुरलं, तिथं माझ्या पोटातनं विहिरीचं पाणी वाहिलं. स्टँडवर टारगट पोरं मला मारत उभी असतात, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण तेच पोरगं लग्न होऊन रानात राबायला लागलं, की आई कौतुकानं म्हणते, "आता लाईनीवर आलं." एवढा लाड माझ्या माहेरी कधी झाला नव्हता.

कडेगावच्या अंगाला एक लहान गाव आहे. तिथल्या नूरजहांच्या घरी मी दोरीच राहिले. तिचा नवरा इलियास गवंडी. भिंत सरळ यावी म्हणून तो लाईनदोरी ताणायचा, आणि मोहरमला त्याच दोरीच्या मापानं ताबूत बांधायचा. त्यांच्यात ताबूत वरनं खाली बांधतात. आधी कळस, मग तो उचलून त्याच्याखाली एकेक मजला. किती उंच न्यायचा, त्याची गाठ दोरीवर.

गेल्या हिवाळ्यात इलियास वारला. यंदा पोरगा मोहसीन बांधायला बसला, तेव्हा नूरजहांनं दोरी त्याच्या पुढ्यात टाकली. "बापाच्या गाठीपेक्षा बोटभर कमी झाला, तर घरात यायचं न्हाई."

ह्या मधल्या काळात समोरच्या मनुबाईला विहिरीवरच्या मोटारीसाठी वीज मिळाली होती. किती वर्षं वाट बघून मिळालेली ती लाईन! तिचा खांब नेमका नूरजहांच्या अंगणाच्या कोपऱ्यात रोवला गेला.

"माझ्या अंगणात तुझी लाईन कशाला?" नूरजहां म्हणाली.

"मग काय आभाळातनं नेऊ?" मनुबाईनं विचारलं.

झालं. दोघींचं बोलणं बंद. भांडण खांबाचं, म्हणून सगळ्यांनी खांबच पाहिला. दोन घरांमधल्या बोळावरनं गेलेली तार कुणी पाहिली नाही. कळस आधीच बांधून झालेला, त्यामुळं बांधणाऱ्यांचे डोळेही खालीच.

मोहरमच्या दहाव्या दिवशी दुपारी ताबूत उचलला आणि बोळाच्या तोंडाशी थटला. कळस तारेच्या दोन हात वर. दिवस मावळायच्या आत चौकात दुसऱ्या ताबुताची भेट व्हायची होती. ताबूत वाकवायचा नाही, मागं फिरवायचा नाही, ही रीत.

"अम्मा, मनुकाकीला इचारू?"

"तिच्या दारात जायाचं न्हाई."

"मग कळस उतरवू?"

नूरजहांनं मान वर करून कळसाकडं पाहिलं. मग म्हणाली, "कळस उतरवल्यावर त्याचं ऱ्हायलं काय?"

तेवढ्यात पदर खोचून मनुबाईच आली. "हाक मारायला जीब झिजती व्हय गं तुझी?"

"तार काढली तर तुझ्या उसाचं पाणी जाईल."

"जाऊ दे. इलियासभाऊ दरसाली माझ्या दाराम्होरं ताबूत थांबवत हुता. आज माझ्या तारंखालनं वाकून जाणार काय त्यो?" तिनं आपल्या पोराकडं पाहिलं. पोरगा वायरमन. "मानसिंग, तार उतर."

"आई, परत ओढायला माणसं कवा मिळतील सांगता येत न्हाई. पावसानं वढ दिलीया. ऊस वाळंल."

"उतर म्हणलं न्हवं?"

मानसिंगनं हापिसातनं वीज बंद करायचं परमिट घेतलं, डीपीवरचा फ्यूज काढला आणि मला धुळीत उतरवलं. एरवी मी उंचावर मिरवते, पण खाली येण्याचं सुख त्या दिवशी कळलं. कळस डुलत माझ्यावरनं गेला. त्याचा तोल सांभाळायला चारी बाजूंनी दोऱ्या ताणलेल्या. पुढची दोरी मनुबाईच्या नवऱ्याच्या, नाथाजींच्या मानाची. फौजेतला म्हातारा, गुडघे गेलेले, पण आवाज तोच, "लाईन ढिली सोडू नका रं!" मनुबाईच्या दारात ताबूत थांबला, आणि दिवस असताना चौकात पोचला.

उसाची पानं पिवळी पडली तेव्हा कुठं माणसं आली. नूरजहां अंगणात वाटच बघत होती.

"त्यो बुटका खांब काढा. उंच आणा. आन् कोपऱ्यात न्हाई, हितं मधी उंचवट्यावर रोवा, म्हंजी बोळावर तार उंच जाईल."

"काकी, अंगण अडंल," मानसिंग म्हणाला.

"अंगण माझं हाय. तुला काय करायचंय?"

आता मी तिच्या अंगणातनं वर, ऐटीत जाते. तुमचे उपकार आहेत बाबांनो. परक्या दोरीला तुम्ही पाणी दिलंत, उजेड दिलात, मानाची जागा दिलीत. मागणं एकच. मला ओढाल तेव्हा वर बघून ओढा. कुणाचा कळस जायचा असतो.

खांबावर मनुबाईनं एक दिवा टांगलाय. शेतीची वीज कधी येईल त्याचा नेम नाही. आली की तो पेटतो. अंगण झाडताना तो आधी नूरजहांलाच दिसतो. ती झाडू टाकते आणि बोळाला ऐकू जाईल अशी हाक घालते,

"आगं मनुबाई, लाईन आली आपली."