रुईच्या चिकाचा तुंबा

भित्र्या भांड्याची गोष्ट कोण ऐकणार, असे मला नेहमी वाटायचे. पण तुम्ही आलाच आहात, तर बसा मित्रांनो. मी एक जुना तुंबा आहे. कडू भोपळा मधोमध चिरला आणि त्यातून मी झालो. माझ्या दुसऱ्या अर्ध्याचे काय झाले, ते मला कधीच कळले नाही. तेव्हा जी धास्ती मनात बसली, ती बसलीच.

डिक्कोच्या आईने तापल्या सुरीने माझ्या पाठीवर नक्षी काढली आणि मला लेकीला लग्नात दिले. आम्हा पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी गुराख्यांत नव्या नवरीच्या घरी तुंबे किती, हे बायका आधी बघतात. डिक्को मला डोक्यावर घेऊन सासरी आली. त्या सगळ्या वाटेत मी जीव मुठीत धरून होतो. पुढेही शेळी जवळून गेली की मी घाबरायचो, पोरे खेळू लागली की घाबरायचो. फुटणे म्हणजे काय, ते चुराडा झालेल्या तुंब्यांचे चुलीत जळणारे तुकडे बघून मला ठाऊक झाले होते.

माझे काम जोखमीचे होते. पावसाळ्यात गाई भरपूर दूध देतात आणि ते टिकत नाही, म्हणून बायका त्याची वगाशी करतात. वगाशी म्हणजे आमचे घरचे चीज. त्याला रुई लागते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. डिक्को रुईचे कोवळे शेंडे कुटायची, माझ्यात थोड्या दुधात कालवायची आणि गाळून चुलीवरच्या कोमट दुधात ओतायची. दूध फाटले की चोथा टोपल्यांत निथळत ठेवायची. मग लाल ज्वारीच्या पात्यांच्या पाण्यात उकळून त्याला रंग द्यायची. बाजारात बायका डिक्कोचीच वगाशी मागायच्या. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही आहे, असे मी मनातल्या मनात धरून चालायचो.

रानात जाताना ती मलाही न्यायची. गोरखचिंचेची कोवळी पाने, शिया नावाच्या झाडाची पडलेली फळे, रुईचे शेंडे, सगळे माझ्यातूनच घरी यायचे. त्यामुळे म्हातारपणी तिची नजर जाऊ लागली, हे सर्वांत आधी मला कळले. एकदा शियाच्या फळांबरोबर तिने दोन गोल दगडही माझ्यात घातले. मग ते चाचपून काढून टाकले आणि कुणी पाहिले का, म्हणून कान देऊन उभी राहिली. आमच्यात दुखणे बोलून दाखवणे लाजिरवाणे समजतात. म्हाताऱ्या माणसाने तर मुळीच दाखवू नये. सून जुल्देच्याही ते ध्यानात आले होते. पण सासूची चूक सुनेने काढायची नसते, म्हणून तीही गप्प होती. त्या घरात सगळे गप्प होते आणि मला मात्र झोप येत नव्हती.

एका सकाळी डिक्को एकटीच रानात गेली. पाऊस पडून गेला होता, पाने निथळत होती. फांदी मोडून पांढरा चीक आला एवढ्यावर तिने शेंडे खुडले. गरम भांडी उचलून बोटे राठ झालेली, पानांचा फरक त्यांना कळला नाही. ती रुई नव्हती. ज्याचा विषारी चीक शिकारी बाणांच्या टोकांना लावतात, ते झुडूप होते ते. माझ्या पोटाला पहिल्या थेंबातच कळले. पण मित्रांनो, तुंब्याला तोंड असते ते फक्त ओतायला.

घरी चुलीशी शेजारच्या बायका गप्पा मारत बसल्या होत्या. छोटी फादी, जुल्देची लेक, हात पसरून तयार होती. पहिला गरम चोथा नेहमी तिच्या हातावर पडायचा. डिक्कोने शेंडे कुटले, माझ्यात कालवले, गाळून पुन्हा माझ्यात घेतले. तेवढ्यात जुल्दे धार काढून आली. उखळाशी पडलेली पाने तिने पाहिली आणि जागच्या जागी थबकली.

"इन्ना," सासूला आई म्हणून हाक मारत ती खाली बघून म्हणाली, "मी ताजी पानं आणू का? ही सुकलेली दिसतात."

"सुकलेली? चीक बघ किती आलाय. याच हातची वगाशी खाऊन तुझा नवरा एवढा झालाय, पोरी."

बायका हसल्या. डिक्कोने मला उचलले आणि दुधावर धरले. जुल्देने फादीकडे पाहिले. तिचे ओठ हलले, पण चार बायकांदेखत शब्द बाहेर पडेना. जन्मभर ज्याची धास्ती घेतली, तेच मी त्या घटकेला मागत होतो. कुणीतरी मला पाडा, मित्रांनो, मला फोडा.

"द्या इन्ना, मी ओतते," म्हणत जुल्देने मला घेतले आणि चुलीच्या दगडावर सोडून दिले.

मी काठापासून तळापर्यंत तडकलो. चीक मातीत सांडला, त्यावर जुल्देने पायाने माती ओढली. आईच्या हातचा तुंबा गेला, म्हणून डिक्को खूप बोलली. धार काढून हात गळाले का, असे विचारले. बायकांनीही तोंडसुख घेतले. जुल्देने सगळे ऐकून घेतले, कुंपणापलीकडून रुई आणली आणि वगाशी केली. फादीला तिचा घास मिळाला.

दुपारी सगळ्या गेल्यावर डिक्को मला शिवायला बसली. आमच्यात तडकलेला तुंबा टाकत नाहीत, भोके पाडून दोऱ्याने शिवतात. सुईत दोरा काही केल्या जाईना. शेवटी तिने सुई सुनेपुढे धरली.

"रुई नव्हती ना ती?" तिने हळूच विचारले.

जुल्देने दोरा ओवून सुई परत दिली. "नव्हती, इन्ना."

डिक्कोचे हात माझ्यावर थांबले. "फादीनं खाल्लं असतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्यापासून शेंडे तू खुड. कुणी विचारलं तर सांग, म्हातारीचे गुडघे दुखतात."

आता माझ्यात दूध ठरत नाही. माझ्यात चवळी ठेवतात आणि मी कोपऱ्यात असतो. भितो मी अजूनही. तुमच्या घरीही एखादे भांडे कुणाच्या हातून फुटेल, मित्रांनो. ओरडा खुशाल, पण नंतर त्या माणसाजवळ जरा बसा आणि त्यात काय होते, ते विचारा.